मॅट्रिक्स क्लायंट लिहितोय, खालची लायब्ररी कोणती घ्यावी?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून मॅट्रिक्ससाठी, म्हणजे संदेश पाठवण्याच्या खुल्या प्रोटोकॉलसाठी, एक मुक्तस्रोत डेस्कटॉप क्लायंट लिहायला घेतोय. निमित्त असं, की आमच्या भागातल्या एका स्वयंसेवी गटाचा, सिनॅप्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, स्वतःचा मॅट्रिक्स सर्व्हर आहे. त्यांच्याकडचे लॅपटॉप देणगीत मिळालेले, चार जीबी रॅमचे, लिनक्सवर चालणारे. एलिमेंट डेस्कटॉप, म्हणजे प्रचलित मॅट्रिक्स क्लायंट, इलेक्ट्रॉनवर (पोटात अख्खा ब्राउझर घेऊन चालणारी चौकट) बांधलेलं आहे, त्यामुळे ते, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस एकत्र उघडले की मशीन रखडतं.

दुसरी गरज याहून मोठी आहे. एकाच लॅपटॉपवर पाच-सहा जणी आळीपाळीने बसतात, आणि त्याही एकाच लिनक्स खात्यातून. प्रत्येकीचे संदेश आणि चाव्या तिच्या स्वतःच्या पासफ्रेजखाली बंद राहायला हव्यात. गटाचं काम घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या बायकांना मदत करण्याचं आहे, तेव्हा इथे ढिलाई परवडणार नाही.

आमच्यापैकी दोघांना सी प्लस प्लस आणि क्यूटी (पडदे बांधायची चौकट) चांगलं येतं, एकीला पायथन, आणि मी गेलं वर्षभर रस्ट शिकतोय. समोर तीन वाटा दिसतात.

१. लिबक्वोटिएंट. क्यूटीत लिहिलेली, निओचॅट आणि क्वाटर्नियन हे क्लायंट तिच्यावर उभे आहेत.
२. मॅट्रिक्स रस्ट एसडीके. रस्टमध्ये लिहिलेली, एलिमेंट एक्स आणि फ्रॅक्टल हे क्लायंट तिच्यावर चालतात.
३. सर्व्हरशी बोलणारा एचटीटीपी आणि जेसॉनचा थर आपणच लिहायचा, आणि कूटलेखनापुरती (एन्क्रिप्शनपुरती) व्होडोझेमॅक ही लायब्ररी घ्यायची.

मला तिसरी वाट खुणावते आहे, कारण क्लायंट-सर्व्हर एपीआय (क्लायंटने सर्व्हरशी कसं बोलायचं ते सांगणारं प्रमाण) वाचायला सरळ आहे. लॉगिन, सिंक, संदेश पाठवणं हे सगळं एका बैठकीत चालू होतं. अनुभवी मंडळींचं मत हवंय.

गोमंतक७

क्यूटीवाले दोघं असतील तर लिबक्वोटिएंट डोळ्यांआड करू नका. खोली, सदस्य, घटना हे सगळे तिथे क्यूटीचे ऑब्जेक्ट म्हणूनच मिळतात, सिग्नल-स्लॉट जोडले की पडद्यावर बदल दिसतो. इव्हेंट लूप एकच, दोन जगांची सांगड घालायचा त्रास नाही. लायसन एलजीपीएल, म्हणजे वर तुम्ही काहीही लिहायला मोकळे. मेमरीच्या बाबतीतही निओचॅट तुमच्या चार जीबीत सुखाने बसेल.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. टोकापासून टोकापर्यंतचं कूटलेखन तिथे ०.७ च्या सुमारास आलं आणि ते लिबओल्म या जुन्या कूटलेखन लायब्ररीवर बांधलेलं होतं. आजची आवृत्ती नेमकी कशावर आहे आणि तुमचं लिनक्स डिस्ट्रो कुठली आवृत्ती देतं, हे दोन्ही पाहिल्याशिवाय ठरवू नका. डिस्ट्रोतली आवृत्ती बऱ्याचदा मागे असते.

प्राजक्ता_आ

नवा क्लायंट कशाला, असं विचारू का? निओचॅटमध्ये किंवा फ्रॅक्टलमध्येच हवी ती भर घालता येणार नाही का? फ्रॅक्टल ५ म्हणजे नोव्हेंबर २०२३ ला आलेलं पूर्ण पुनर्लेखन आहे, जीटीके ४ (क्यूटीसारखी पडद्यांची चौकट) वर, आणि मला रोजच्या वापरात आवडतं.

वारणाकाठ

प्राजक्ताताई, प्रश्न रास्त आहे आणि आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण एकाच लिनक्स खात्यात अनेक माणसं, प्रत्येकाला वेगळं कुलूप, पाच मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद, आणि उघडायच्या पडद्यावर आधीच्या व्यक्तीचं नावही दिसू नये, हे सगळं त्या क्लायंटच्या घडणीत बसत नाही. ते प्रत्येक जण आपल्या संगणकावर एकटा आहे असं धरून चालतात आणि चाव्या डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये (पासवर्ड सांभाळणाऱ्या सोयीत) ठेवतात. आमच्या लॅपटॉपवर कीरिंग सगळ्यांचं एकच आहे.

निर्झर

तिसऱ्या वाटेबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त प्रकल्प अडकलेले पाहिलेत.

व्होडोझेमॅक काय देतं? ओल्म आणि मेगओल्म, हे मॅट्रिक्सच्या कूटलेखनाचे दोन प्रकार. रॅचेट म्हणजे चावी सतत बदलत पुढेच नेणारी पद्धत. ओल्म म्हणजे दोन यंत्रांमधला डबल रॅचेट, मेगओल्म म्हणजे गटासाठीचा एकाच दिशेने पुढे सरकणारा रॅचेट. लायब्ररी उत्तम आहे, २०२२ मध्ये लीस्ट ऑथॉरिटीने तिचं ऑडिटही केलं आहे. पण क्लायंटमधलं कूटलेखनाचं काम या दोन गोष्टींच्या बाहेरच पसरलेलं असतं. कोणाकोणाची यंत्रं बदलली हे सतत पाहत राहायचं. खोलीतून कोणी बाहेर पडलं की मेगओल्मचं सत्र बदलायचं. एकदाच वापरायच्या चाव्या संपत आल्या की नव्या चढवायच्या. क्रॉस-सायनिंग (आपल्या यंत्रांवर आपलीच सही करणं), इमोजी जुळवून होणारी पडताळणी, सर्व्हरवरची चाव्यांची बॅकअप, हुकलेल्या चाव्या मागणं आणि देणं. हे सगळं व्होडोझेमॅक करत नाही, करायचा दावाही करत नाही.

एकच उदाहरण जवळून बघा. एकदाच वापरायच्या चावीचे दोन भाग असतात: खासगी तुमच्याकडे, सार्वजनिक सर्व्हरवर. समजा तुमच्या कोडने सार्वजनिक भाग आधी सर्व्हरवर चढवला आणि खासगी भाग डिस्कवर लिहिण्याआधी लाइट गेली. सर्व्हर ती चावी कोणाला तरी देणार, तो माणूस तिच्यावर सत्र उभारून तुम्हाला खोलीची चावी पाठवणार, आणि तुमच्याकडे ते उघडायला काहीच नाही. पडद्यावर फक्त ‘हा संदेश उघडता आला नाही’ असं येणार. समोरच्याला वाटणार, पोचलं. तुमच्या गटाच्या कामात हा संदेश ‘आज रात्री येऊ का’ असा असू शकतो.

उलट बाजूही आहे. कोणीतरी जुना होम फोल्डर परत आणून ठेवला, म्हणजे डेटाबेस मागच्या आठवड्यातला झाला. आता तुमचा रॅचेट मागे गेला आणि तुम्ही आधीच वापरलेल्या संदेश-चाव्या पुन्हा वापरायला लागलात. लिहायची वेळ, लिहायचा क्रम आणि एकाच वेळी दोन प्रक्रियांनी तोच डेटाबेस उघडला तर काय, हे सगळं कोणीतरी वर्षानुवर्षं घासून पक्कं करावं लागतं. रस्ट एसडीकेत हा सगळा भाग मॅट्रिक्स-एसडीके-क्रिप्टो या वेगळ्या क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे रस्टमधलं पॅकेज) आहे. तो नेटवर्कला हात लावत नाही: ‘ही विनंती पाठव’ असं सांगतो आणि आलेलं उत्तर घेतो. म्हणून तो वेबअसेंब्लीत बदलून एलिमेंट वेबमध्येही बसवता आला.

माझं म्हणणं: एचटीटीपी स्वतः लिहायची हौस असेल तर लिहा, पण क्रिप्टो क्रेटच्या खाली उतरू नका.

तळटीप

निर्झर, बरंचसं पटतंय, पण सगळ्यांनी एकच लायब्ररी घेतल्याने काय होतं तेही बोलूया. सप्टेंबर २०२२ मध्ये संशोधकांनी मॅट्रिक्सच्या कूटलेखनातले दोष जाहीर केले. बदमाश सर्व्हरला दुसऱ्याच्या नावाने संदेश घुसवता येतील इतके गंभीर. दोष प्रोटोकॉलपेक्षा अंमलबजावणीत जास्त होते, आणि मार बसला तो जावास्क्रिप्ट, आयओएस आणि अँड्रॉइडच्या मुख्य एसडीकेंना आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना. ज्यांनी वेगळा कोड लिहिला होता ते, म्हणजे हायड्रोजन, नेको, फ्लफीचॅट, गोमक्स, त्यातून सुटले.

एका घरातला दोष सगळ्या वस्तीला लागू नये म्हणून वेगळ्या अंमलबजावण्या असायलाच हव्यात. उघड प्रमाणावर चालणाऱ्या प्रोटोकॉलचं बळच त्यात आहे.

निर्झर

२०२२ बद्दल तुमचं बरोबर आहे. त्याच्या एक वर्ष आधीचं, सप्टेंबर २०२१ चं प्रकरणही शेजारी ठेवून बघा. चाव्या मागणारं यंत्र खरोखर त्याच माणसाचं आहे का, हे नीट न तपासता चाव्या देऊन टाकल्या जात होत्या. तो दोष जावास्क्रिप्ट एसडीकेत होता, अँड्रॉइडच्या एसडीकेत होता, रस्ट एसडीकेच्या ०.४.० आधीच्या आवृत्त्यांत होता, डार्टमधल्या फॅमेडली एसडीकेत होता आणि नेकोतही होता. भाषा वेगळ्या, लिहिणारे वेगळे, चूक तीच. म्हणजे वेगळं लिहिल्याने संरक्षण मिळतंच असं नाही.

आणि जे त्या वेळी सुटले त्यांच्यातल्या काहींनी तर चाव्या देण्याची सोयच लिहिली नव्हती.

दोन्ही प्रकरणांतून मी एकच प्रश्न उचलतो: दोष सापडल्यावर दुरुस्ती कोण करणार आणि किती लवकर? जिथे पूर्ण वेळ काम करणारी माणसं होती तिथे दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती तयार होती. वारणाकाठ, तुमच्या चौघांत असा कोण आहे ज्याला संशोधकाचं गुप्त पत्र आल्यावर नोकरी बाजूला ठेवून पंधरा दिवस बसता येईल?

वारणाकाठ

कोणीच नाही. चौघंही नोकरी सांभाळून करतोय.

तळटीप

मग तुमच्यापुरता निर्णय झाला, हे मी मान्य करतो. वेगळ्या अंमलबजावण्यांचं काम करणाऱ्याकडे त्यासाठी वेळ आणि अभ्यास हवा. निराश्रित बायकांचे पत्ते ज्या क्लायंटमधून जाणार तिथे तो प्रयोग करू नये. मात्र लायब्ररी घेतली म्हणून प्रमाण वाचणं सोडू नका. लायब्ररी काय करते ते कळायला क्लायंट-सर्व्हर प्रमाणातलं कूटलेखनाचं प्रकरण एकदा पूर्ण वाचाच.

पॅकेजवाला

मी एका डिस्ट्रोसाठी पॅकेजेस सांभाळतो, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

लिबओल्मचा धडा ताजा आहे. सी आणि सी प्लस प्लसमधली छोटी, नीट लायब्ररी. एनसीसी ग्रुपने २०१६ मध्ये ऑडिट केलेली. अनेक क्लायंट तिच्यावर होते. आतलं एईएस (कूटलेखनाची एक पद्धत) टेबलमध्ये बघून उत्तर काढणाऱ्या पद्धतीचं होतं, त्यामुळे लागणाऱ्या वेळेवरून चावीबद्दल अंदाज बांधता येण्याची शक्यता राहते. २०२४ मध्ये हे जाहीरपणे मांडलं गेलं, आणि मॅट्रिक्सच्या बाजूने उत्तर आलं की नेटवर्कवरून प्रत्यक्षात याचा फायदा घेता येईल असं वाटत नाही, पण लिबओल्म आता निवृत्त आहे, सगळ्यांनी व्होडोझेमॅककडे जावं. त्यानंतर निक्स या पॅकेज व्यवस्थापकाच्या पॅकेजसंग्रहात ती असुरक्षित म्हणून खूण करून ठेवली गेली. तिच्यावर अवलंबून असलेले क्लायंट बसवायचे तर वापरणाऱ्याला स्वतः परवानगी द्यावी लागायला लागली. क्लायंट लिहिणाऱ्यांनी काहीही चूक केली नव्हती. खालची वीट बदलली एवढंच.

म्हणून लायब्ररी निवडताना आज काय चालतंय याच्या जोडीला हेही बघा: ती थांबली तर तिच्याच लोकांनी पुढची वाट आखलेली आहे का.

आता दुसरी बाजू, जी रस्टवाले पटकन सांगत नाहीत. सीमधली शेअर्ड लायब्ररी असेल तर सुरक्षेची दुरुस्ती आली की मी एक डॉट एसओ फाइल बदलतो आणि तिच्यावरचे सगळे प्रोग्रॅम पुढच्या वेळी उघडताना दुरुस्त होतात. रस्टला स्थिर एबीआय नाही, म्हणजे बांधून झालेला भाग असा सुटा बदलता येत नाही. क्रेट तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटातच जातात. दुरुस्ती आली की तुम्हाला लॉक फाइल बदलून, पुन्हा बांधून, नवी आवृत्ती काढावी लागणार. तुम्ही महिनाभर गावाला गेलात तर तुमचे वापरणारे महिनाभर जुन्या कोडवर. शिवाय एसडीकेबरोबर शेकडो क्रेट येतात.

अवलंबित्व किती खोल असतं ते मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या-उघडणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार घातलं गेलं होतं. प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. सर्व्हरच्या लॉगिनचा आणि त्या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या लायब्ररीचा संबंध सिस्टीमडीतून (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) आलेला, तोही काही डिस्ट्रोंनी घातलेल्या पॅचमुळे. एवढं दूरचं नातं कोणाच्या ध्यानात असतं?

तेव्हा रस्ट एसडीके घ्या, पण कार्गो ऑडिट (क्रेटमधले जाहीर दोष शोधणारं साधन) रोज आपोआप चालेल अशी सोय पहिल्याच आठवड्यात करा, आणि चौघांपैकी निदान दोघांना आवृत्ती काढण्याचे अधिकार आणि सह्यांच्या चाव्या द्या.

लायसनचं काय ठरवलंय? रस्ट एसडीके आणि व्होडोझेमॅक दोन्ही अपाची २.० खाली आहेत.

वारणाकाठ

आमचा कोड जीपीएल राहील. मात्र कुलूपाचा पडदा आणि वेळ मोजून बंद करण्याचा भाग एका जुन्या क्यूटी प्रकल्पातून घ्यायचा विचार आहे, त्याच्या फाइलींवर ‘जीपीएल आवृत्ती २’ एवढंच लिहिलंय. चालेल ना?

पॅकेजवाला

फाइलीचा माथा नीट वाचा. ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कोणतीही’ असं असेल तर तुम्ही आवृत्ती ३ घेऊ शकता आणि अपाची २.० तिच्याबरोबर चालतं. ‘फक्त आवृत्ती २’ असेल तर नाही. अपाची २.० मधल्या पेटंटविषयीच्या अटी जीपीएल २ ला जास्तीच्या अटी ठरतात, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही मानतं. अशा वेळी मूळ लेखकांना पत्र लिहून परवानगी घ्या किंवा तो भाग नव्याने लिहा. कुलूपाचा पडदा दोनशे-तीनशे ओळींचा असतो, मी तर नव्याने लिहीन.

जाता जाता: डार्टच्या एसडीकेकडे वळायचा विचार आला तर ती एजीपीएल (जीपीएलहून कडक लायसन) आहे हे लक्षात ठेवा. तुम्हाला अडचण नाही, पण उद्या कोणी तुमचा कोड घेणार असेल तर त्याला कळायला हवं.

राइनकाठ

मी जर्मनीत असते, इथे मॅट्रिक्स सरकारी पातळीवर वापरात आहे म्हणून दोन शब्द. सैन्याचा बीडब्ल्यूमेसेंजर मॅट्रिक्सवर आहे, आरोग्यसेवेतल्या संदेशांसाठी गेमाटिक या इथल्या संस्थेने मॅट्रिक्सवर आधारित टीआय-मेसेंजरचं प्रमाण ठरवलं आहे. फ्रान्स सरकारचं चॅप हे मेसेंजर २०१९ पासून चालू आहे. या सगळ्यामुळे रस्ट एसडीकेच्या मागे पैसा आणि डोळे दोन्ही आहेत. लहान प्रकल्पाला हे आयतं मिळतं.

त्याचबरोबर हेही खरं, की एसडीकेचं बहुतेक काम एलिमेंट कंपनीच्या पगारी लोकांकडून होतं. त्यांना एलिमेंट एक्ससाठी जे लागतं ते आधी येतं. एपीआय अजून १.० ला पोचलेला नाही आणि आवृत्ती बदलली की फंक्शनची नावं, त्यांचे आकार बदलतात. म्हणून एसडीकेला तुमच्या सगळ्या कोडभर पसरू देऊ नका.

इथे मला डेल्टा चॅट या दुसऱ्या मेसेंजरची रचना सुचवावीशी वाटते. त्यांचा गाभा आधी सीमध्ये होता, नंतर रस्टमध्ये आला. अँड्रॉइड, आयओएस, डेस्कटॉप सगळे तोच गाभा वापरतात. डेस्कटॉपवर तो गाभा वेगळी प्रक्रिया म्हणून चालतो आणि पडद्याचा भाग त्याच्याशी जेसॉन-आरपीसीने (दोन प्रोग्रॅममधली विनंती-उत्तराची पद्धत) बोलतो. तुमच्याकडे क्यूटीवाले दोघं आहेत, त्यांना रस्ट शिकायची सक्ती करायला नको. गाभा रस्टमध्ये एक प्रोग्रॅम, पडदा क्यूटीत दुसरा, मध्ये वीस-पंचवीस विनंत्यांचा ठरलेला मसुदा. पायथनवाल्या मैत्रिणीला त्याच मसुद्यावर चाचण्या लिहिता येतील, पडदा तयार व्हायच्या आधीपासून.

गोमंतक७

राइनकाठ यांची सूचना मला आवडली. मी स्वतः रस्ट आणि क्यूटी एका प्रोग्रॅममध्ये बसवून पाहिलंय. सीएक्सएक्स-क्यूटी नावाचा पूल आहे, चांगला आहे, पण रस्टच्या टोकिओ लायब्ररीचा रनटाइम एकीकडे आणि क्यूटीचा इव्हेंट लूप दुसरीकडे, कोणतं ऑब्जेक्ट कोणत्या थ्रेडवर मरतं याचा माग काढण्यात वेळ जातो. युनिएफएफआय हे साधन कोटलिन, स्विफ्ट आणि पायथनसाठी बांधणी तयार करून देतं, सी प्लस प्लससाठी मूळ प्रकल्पात सोय नाही.

दोन प्रक्रिया केल्याचा तुमच्या कामात आणखी एक फायदा. कुलूप लागलं की गाभ्याची प्रक्रिया बंदच करून टाका. चाव्या ज्या मेमरीत होत्या ती मेमरीच गेली. एका प्रोग्रॅमच्या आत ‘सगळं पुसलं’ याची खात्री देणं फार अवघड असतं, क्यूटीच्या स्ट्रिंगच्या प्रती कुठे कुठे पडून राहतात कोण जाणे. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) मात्र कूटबद्ध ठेवा, नाहीतर मेमरीतलं डिस्कवर उतरतं.

लिबक्वोटिएंटची शिफारस मी मागे घेत नाही, एकट्याने वापरायच्या क्यूटी क्लायंटला ती अजूनही सर्वांत सुटसुटीत वाटते. तुमची गरज वेगळी आहे.

निर्झर

कुलूपाबद्दल: रस्ट एसडीकेचा एसक्यूलाइट (डेटाबेस) स्टोअर उघडताना पासफ्रेज देता येतो आणि आतला मजकूर त्याखाली कूटबद्ध होऊन बसतो. म्हणजे प्रत्येकीचा वेगळा फोल्डर, वेगळा पासफ्रेज, एवढ्याने तुमची मुख्य गरज भागते. पासफ्रेज कीरिंगमध्ये ठेवायचा मोह टाळा. उतरवून घेतलेले फोटो आणि फाइली मात्र स्टोअरच्या बाहेर कुठे पडतात ते स्वतः शोधा. सगळ्यात जास्त गळती तिथून होते.

प्राजक्ता_आ

सिंकबद्दल, म्हणजे सर्व्हरकडून ताजी माहिती मागवण्याबद्दल, कोणी बोललं नाही अजून. जुन्या पद्धतीत पहिल्या लॉगिनला सर्व्हर तुमच्या सगळ्या खोल्यांची अवस्था एकदम पाठवतो. मोठ्या सार्वजनिक खोल्या असतील तर कमी वेगाच्या इंटरनेटवर माणूस पडद्याकडे बघत बसतो. एलिमेंट एक्स वापरतं ती स्लायडिंग सिंक पद्धत आधी दिसणाऱ्या खोल्याच मागवते. पूर्वी तिला वेगळा प्रॉक्सी चालवावा लागायचा, सिनॅप्स १.११४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, ती सर्व्हरच्या आतच आहे. तुमच्या गटाचा सर्व्हर कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघून घ्या. जुना असेल तर क्लायंटच्या आधी तो वर आणा.

एसडीकेच्या यूआय क्रेटमध्ये खोल्यांची यादी आणि टाइमलाइन दोन्ही तयार मिळतात. संपादित संदेश, प्रतिक्रिया, उशिरा उघडलेला संदेश जागच्या जागी बदलणं, हे सगळं त्यात झालेलं असतं. पूर्ण यादी परत न देता फक्त बदल देतात, त्यामुळे जेसॉन-आरपीसीवरून पाठवायलाही हलकं.

अक्षरजुळणी

एवढी चर्चा झाली आणि मराठीचं नाव नाही म्हणून लिहितो. क्लायंट मराठीत वापरला जाणार असेल तर आणखी दोन लायब्ररींचा प्रश्न आहे: अक्षरं दाखवणारी आणि शोधणारी.

दाखवण्याचं सोपं. क्यूटी आणि जीटीकेमागचं पँगो, दोन्ही हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरतात, जोडाक्षरं नीट येतात. मराठीचे ल आणि श वेगळे दिलेल्या फाँटात ते रूप भाषा मराठी सांगितली तरच उमटतं, तेवढं पाहा.

शोधण्याचं अवघड, आणि ते तुमच्यावरच पडणार. संदेश कूटबद्ध आहेत म्हणजे सर्व्हरला शोधता येत नाही, क्लायंटलाच आपली अनुक्रमणिका ठेवावी लागते. बहुतेक जण एसक्यूलाइटचं एफटीएस५, म्हणजे मजकूर शोधण्याचा भाग, घेतात. त्याचा मूळचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) फक्त अक्षरं आणि अंक यांना शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वर्गात येतात, त्यामुळे तो प्रत्येक मात्रेवर शब्द तोडतो. ‘पुणे’चे होतात ‘प’ आणि ‘ण’. ‘पाणी’चेही ‘प’ आणि ‘ण’. म्हणजे पुणे शोधलं की पाणी असलेले सगळे संदेश समोर येतात. ‘मराठी’, ‘मराठा’, ‘मराठे’ तिन्ही त्याच्या लेखी एकच.

उपाय आहे. टेबल बनवताना टोकनायझरला वर्गांची यादी देता येते, तिच्यात मार्कचे दोन्ही वर्ग घाला, जागा घेणारे आणि न घेणारे. एसक्यूलाइट ३.२५ पासून ही सोय आहे.

रस्टमधलं टँटिव्ही हे शोधाचं इंजिन घेतलंत तर तिथला साधा टोकनायझर मात्रांवर तुटत नाही, पण हलन्तावर तुटतो, कारण युनिकोडच्या व्याख्येत हलन्त अक्षरधर्मी नाही. ‘महाराष्ट्र’चे तुकडे होतात ‘महाराष’, ‘ट’, ‘र’. तिथे स्वतःचा टोकनायझर लिहावा लागेल, काम अर्ध्या दिवसाचं आहे.

आणि ‘दऱ्या’. काही कीबोर्ड इथे नुक्तावाला ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मधे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळत नाहीत. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) करून हे एक होत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे स्वतः नियम लावून एकच रूप करून घ्या. सुऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर, बिचाऱ्या, असे शब्द चाचण्यांत घाला. जोडचिन्ह सरसकट काढून टाकू नका, काढलं की रफार होतो आणि शब्दच बदलतो.

वारणाकाठ

अक्षरजुळणी, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. तुमचे शब्द आज सकाळीच एफटीएस५ वर चालवून पाहिले, पुणे शोधल्यावर ‘टाकीत पाणी नाही’ हा संदेश खरोखर पहिला आला. वर्गांची यादी दिल्यावर थांबलं.

काल चौघं बसलो. ठरलेलं सांगतो.

गाभा रस्टमध्ये, मॅट्रिक्स रस्ट एसडीके आणि तिच्या यूआय क्रेटवर. वेगळी प्रक्रिया, क्यूटीच्या पडद्याशी जेसॉन-आरपीसी. एसडीकेचं कोणतंही नाव त्या मसुद्यात येणार नाही, म्हणजे एसडीके बदलली तरी पडद्याला हात लावायला नको. कुलूप लागलं की गाभा बंद. लायसन जीपीएल ३ किंवा त्यानंतरचं. त्या जुन्या प्रकल्पाच्या फाइलींवर ‘फक्त आवृत्ती २’ असंच निघालं, म्हणून कुलूपाचा पडदा नव्याने लिहितोय. शोध एफटीएस५ वर, कारण पासफ्रेजखाली ठेवायला एकच प्रकारचा डेटाबेस बरा.

तळटीप, प्रमाणातलं ते प्रकरण आम्ही चौघंही वाचतोय, दर रविवारी एक भाग.

पॅकेजवाला

चांगलं ठरलंय. एक भर: एफटीएस५ ची टेबलं एसडीकेच्या स्टोअरबाहेर तुमच्या स्वतःच्या फाइलीत असतील, तिथे एसडीकेचं कूटलेखन लागू नाही. साधं एसक्यूलाइट ठेवलंत तर सगळे संदेश उघड्या अनुक्रमणिकेत पडलेले असतील. एसक्यूलसायफर (कूटबद्ध एसक्यूलाइट) लावा, किंवा अनुक्रमणिका फक्त मेमरीत ठेवून उघडताना नव्याने बांधा. गट लहान असेल तर दुसरं जमण्यासारखं आहे.

वारणाकाठ

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आधी मेमरीतल्या अनुक्रमणिकेने सुरुवात करतो, चार जीबीच्या मशीनवर खऱ्या खोल्यांच्या आकाराने मोजून बघतो, आणि आकडे इथेच टाकतो. जमलं नाही तर एसक्यूलसायफर.